भोर व वेल्हे येथील स्थलनामे : भूगोल, व्युत्पत्ती आणि नामांतर

१. प्रश्नाचे स्वरूप

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र राज्याच्या मंत्रिमंडळाने पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' असे करण्यास मान्यता दिली. शिवकालाच्या इतिहासात राजगडाचे स्थान इतके मोठे आहे की, या निर्णयामागील भावना कोणासही सहज समजावी. तथापि भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकापुढे या घटनेने एक जुनाच प्रश्न नव्याने उभा केला आहे. भूभागाला नाव कोण देतो? त्या भूमीवर कसणारा व राहणारा देतो, की तिच्यावर अंमल करणारा देतो? आणि दोघांनी दिलेली नावे एकमेकांसमोर आली म्हणजे त्यांपैकी टिकते कोणते?

भोर व वेल्हे हे दोन तालुके या प्रश्नाच्या विचारास विशेष सोयीचे आहेत. येथे प्राकृतातून उतरलेली वनस्पतिवाचक ग्रामनामे आहेत. फारसी-अरबी महसुली परिभाषेची पुटे आहेत. शिवकालात दिलेली संस्कृत दुर्गनामे आहेत. संस्थानी कारभाराची व इंग्रजी अमदानीतील धरणांची नावे आहेत. आणि अगदी अलीकडचे नामांतरही आहे. हे सर्व थर एकाच लहानशा डोंगराळ मुलखात एकावर एक बसलेले असल्यामुळे त्यांची परस्परांशी तुलना करता येते. त्या तुलनेतून नामांच्या टिकण्याचा काही नियम हाती लागतो काय, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू होय.

२. भूमीची रचना

या मुलखाची नावे समजून घ्यावयाची तर प्रथम त्याची ठेवण लक्षात घेतली पाहिजे. पश्चिमेस सह्याद्रीचा कणा उत्तर-दक्षिण गेलेला आहे. त्यापासून पूर्वेकडे डोंगरांचे फाटे निघतात व प्रत्येक दोन फाट्यांच्या मधून एक नदी पूर्वेकडे वाहते. दक्षिणेस रायरेश्वर व केंजळगड यांची रांग आहे. तिच्या पलीकडे सातारा जिल्हा लागतो. या रांगेच्या उत्तरेस रोहिडा किल्ल्याच्या परिसरातील रोहिड खोरे, त्याच्यापुढे नीरा नदीच्या वरच्या अंगाचे हिरडस मावळ, आणि त्याच्याही उत्तरेस वेळवंडी नदीचे वेळवंड खोरे आहे. नंतर तोरणा व राजगड या दोन गडांना जोडणारी रांग येते. तोरणा हा १,४०३ मीटर उंचीचा, जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला होय. या रांगेच्या उत्तरेस कानंद खोरे व गुंजण मावळ ही लगतची खोरी असून कानंदी व गुंजवणी या त्यांतील नद्या होत. आणखी उत्तरेस आंबी व मोसी या नद्यांची खोरी आहेत. त्यांचे पाणी मुठेला जाते. दक्षिणेकडील सर्व पाणी मात्र नीरेला मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूर येथे भीमेला मिळते.

एका खोऱ्यात वरपासून खालपर्यंत जाणे सोपे असते. शेजारच्या खोऱ्यात जावयाचे तर खिंड ओलांडावी लागते. त्यामुळे खोरे हेच येथील समाजजीवनाचे स्वाभाविक घटक ठरले. देशमुखीची वतनेही खोऱ्यांप्रमाणेच विभागलेली होती : रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात सिलिमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. बाजीप्रभू हे हिरडस मावळाचे देशपांडे होते. 'बारा मावळ' या प्रसिद्ध संज्ञेतील बारा ही संख्या काटेकोर मोजणीची मानण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक मावळ म्हणजे एक पाणलोट, हे तत्त्व मात्र पक्के आहे.

३. 'मावळ' या शब्दाविषयी

खुद्द 'मावळ' या शब्दाची जी व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते ती 'मावळणे' या क्रियापदावरून होय. सूर्य मावळतो त्या बाजूचा प्रदेश तो मावळ, अशी ही उपपत्ती. देशाच्या पश्चिमेस हा प्रदेश असल्यामुळे ती मनास पटकन पटते. व्युत्पत्तीच्या क्षेत्रात मात्र पटकन पटणाऱ्या गोष्टींविषयी सावध राहावे लागते.

येथे भोर-वेल्ह्याच्या उत्तरेस, आजच्या मावळ तालुक्यातील कार्ले येथील लेण्यांकडे वळावे लागते. तेथील सातवाहनकालीन प्राकृत लेखांत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास, 'मामाड' येथील अमात्याचा निर्देश आहे व त्याच प्रदेशास अनुलक्षून 'मामल-आहार' असे नाव आले आहे. आहार म्हणजे राज्यकारभाराचा एक विभाग. हाच प्रदेश पुढे मावळ म्हणून ओळखला गेला, हे मत विद्वानांत मान्य झालेले आहे. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने पाहता 'मामल' पासून 'मावळ' होणे नियमानुसार आहे. मराठीत स्वरांमधील 'म' चा 'व' होतो : ग्राम – गाव, नाम – नाव. स्वरांमधील एकेरी 'ल' चा 'ळ' होतो : फल – फळ, काल – काळ. ही दोन्ही परिवर्तने एकाच शब्दात पाहावयाची असल्यास संस्कृत 'आमलक' व मराठी 'आवळा' ही जोडी पुरेशी आहे. शिवाय एकाच नावात एकदा 'ड' व एकदा 'ल' लिहिलेला आढळतो, यावरून लेखकाला ऐकू येणारा ध्वनी या दोहोंच्या मधला, म्हणजे 'ळ' सारखा, असावा असे मानण्यास जागा आहे.

तात्पर्य, 'मावळ' हे नाव सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कारभाराच्या भाषेत रूढ होते. 'मावळणे' शी त्याचा जोडलेला संबंध हा लोकव्युत्पत्तीचा नमुना समजावा. जुन्या नावाचा मूळ अर्थ विसरला गेला की भाषा त्याला जवळचा, ओळखीचा अर्थ देऊन आपलेसे करते. आणि येथे तर भूगोलानेच त्या नव्या अर्थाला साक्ष दिली.

कार्ले येथील लेखांचा आणखी एक उपयोग आहे. भिक्षुसंघाला दान दिलेल्या गावाचे नाव त्यांत 'करजिक' किंवा 'करजक' असे येते. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखातही हे गाव आहे. त्याच्या मुळाशी 'करंज' हा वृक्ष दिसतो. वृक्षावरून गावाला नाव देण्याची रीत या सह्याद्रीच्या पट्ट्यात किती जुनी आहे, याचा हा लेखी पुरावा होय. भोर तालुक्यातील करंजे व वेल्हे तालुक्यातील करंजावणे ही गावे त्या लेखातील गावाहून भिन्न आहेत. पण ती त्याच रीतीची वंशज आहेत.

४. वनस्पतीपासून खोऱ्यापर्यंत

दोन्ही तालुक्यांतील ग्रामनामांची यादी डोळ्यांखालून घातली असता पूर्वपदी वृक्षवेलींची नावे पुनःपुन्हा आढळतात. आंबवडे व आंबवणे यांत आंबा, केळवडे यात केळ, उंबर्डे यात उंबर, पळसोशी यात पळस, करंजावणे यात करंज, गुंजवणे यात गुंज. निगुडघर व निगडे ही नावे वरवर भिन्न दिसतात. परंतु दोन्हींच्या मुळाशी संस्कृत 'निर्गुंडी' आहे. 'र्ग' या जोडाक्षराचा प्राकृतात 'ग्ग' होतो व मराठीत त्याचा पुन्हा एकेरी 'ग' उरतो. त्यातूनच निगुड, निगड अशी रूपे झाली. वेळू या गावाच्या नावात बांबूवाचक 'वेळू' स्पष्ट आहे, आणि 'वेळवंड' च्या पूर्वपदातही तोच शब्द असणे संभवनीय आहे.

ही रीत मावळापुरती मर्यादित नाही. युरोपातील स्लाव भाषांच्या प्रदेशातही वनस्पतिवाचक ग्रामनामे विपुल आहेत. पोलंडमध्ये 'दोंब्रोवा' म्हणजे ओक वृक्षांचे बन या नावाची कित्येक गावे आहेत. जर्मनीतील लाइपझिग या शहराच्या नावात लिंडन वृक्षाचा वाचक स्लाव शब्द 'लिपा' दडलेला आहे, असे मानले जाते. जंगल तोडून वस्ती करणारा शेतकरी कोठलाही असो, त्याला जागेची ओळख पटते ती तिथल्या झाडावरून. नाव टिकते, झाड मात्र टिकतेच असे नाही. म्हणून अशी नावे प्राचीन वनश्रीच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतात.

भोर-वेल्ह्याचे वैशिष्ट्य याच्या पुढच्या पायरीत आहे. येथील लहान नद्यांची नावे खोऱ्यांच्या व गावांच्या नावांशेजारी मांडून पाहावीत : वेळवंड – वेळवंडी, कानंद – कानंदी, गुंजवणे – गुंजवणी, मोसे – मोसी. प्रत्येक जोडीत नदीचे नाव हे स्थलनामाला स्त्रीलिंगी 'ई' प्रत्यय लागून झालेले आहे. या नियमामुळे एका वादग्रस्त प्रश्नाचा निकाल लागतो. मराठीत 'वणी' हे उत्तरपद पाणी या अर्थी येते. 'गुळवणी' या शब्दात ते आहे व त्याचे मूळ संस्कृत 'पानीय' होय. त्या आधारे 'गुंजवणी' चा अर्थ 'गुंजेचे पाणी' असा करण्याचा मोह होतो. परंतु शेजारच्या सर्व नद्या जर स्थलनामापासून सिद्ध होत असतील, तर गुंजवणीही तशीच सिद्ध झाली असे मानणे युक्त ठरते. गुंजवणे हे 'गुंजेचे वन'. त्याची नदी ती गुंजवणी. आणि तिचे खोरे ते गुंजण मावळ. करंजावणे, आंबवणे या समानधर्मी नावांत 'वणे' हे उत्तरपद 'वन' या अर्थीच आहे, ही गोष्टही या निर्णयास पुष्टी देते.

हिरडस मावळाची कथा याच जातीची आहे. संस्कृत 'हरीतकी', प्राकृत 'हरडई', मराठी 'हिरडा' ही परंपरा निश्चित आहे. 'र' च्या सान्निध्यामुळे 'त' चा मूर्धन्य झालेला आहे. नीरेच्या खोऱ्यातील हिर्डोशी हे गाव व हिरडस हे मावळाचे नाव ही दोन्ही या एका झाडावरून आलेली दिसतात. हिर्डोशीला पळसोशी हे त्याच तालुक्यातील नाव लावून पाहिले म्हणजे दोन्हींतील 'ओशी' हा समान अंश वेगळा होतो व पूर्वपदी झाडच उरते. हिरडा कातडी कमावण्यास व औषधास लागत असल्यामुळे सह्याद्रीतील वनउत्पन्नात त्याला पूर्वीपासून मोल होते. त्यामुळे एका सबंध मावळाला त्याचे नाव मिळावे यात अस्वाभाविक असे काही नाही.

या सर्व नामांचा क्रम असा लागतो : वनस्पती, तिच्यावरून वस्ती, वस्तीवरून नदी, नदीवरून वा वस्तीवरून खोरे, आणि खोऱ्यावरून कारभाराचा विभाग. नाव जमिनीतून वर चढत जाते. या नियमाला ठळक अपवाद नीरा हा होय. नीरेला तिच्या काठच्या कोणत्याही गावाने नाव दिलेले नाही. 'नीर' हा शब्द संस्कृतात असला तरी त्याचे मूळ द्राविड आहे, असे बरोव व एमेनो यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. तमिळ व कन्नड या भाषांत तो पाण्याचा नित्याचा वाचक आहे. लांबवर वाहणाऱ्या मोठ्या नदीचे नाव अनेक प्रदेशांचे समाईक असते, म्हणून ते एका गावाच्या आधीन नसते व बहुधा गावांहून जुने असते. लहान नदी मात्र आपल्या गावाची लेक असते. तिच्या नावातील 'ई' हेच सांगते.

५. उत्तरपदे व वस्तीचे स्वरूप

पूर्वपदांप्रमाणे उत्तरपदेही बोलकी आहेत. भाटघर, निगुडघर, देवघर, वाजेघर, दीडघर ही 'घर' अंती असलेली नावे या दोन तालुक्यांत लक्ष वेधून घेतात. 'घर' चे मूळ संस्कृत 'गृह' हेच. परंतु येथे त्याचा अर्थ भिंतींनी वेढलेली वास्तू एवढाच घेऊन भागत नाही. चार-दोन कुटुंबांची एका जागी झालेली वसाहत असा त्याचा व्यापक अर्थ घ्यावा लागतो. जर्मन भाषेतील 'हाइम' व इंग्रजी ग्रामनामांतील 'हॅम' यांचा मूळ अर्थही घर वा वसतिस्थान असाच आहे आणि तीही ग्रामनामांचीच उत्तरपदे झाली आहेत. अरुंद खोऱ्यात भाताची खाचरे जिथे मिळतील तिथे थोडी थोडी घरे होत गेली, हे या नावांमागील भौगोलिक कारण होय. उघड्या देशावरील तटबंदीचे, पेठेचे मोठे गाव येथे स्वभावतःच विरळा.

आंबवडे, केळवडे यांतील 'वडे' हे संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा, यापासून आलेले आहे. 'वाडा' व 'वाडी' हे त्याचेच भाऊबंद. पानशेत या नावातील 'शेत' हे 'क्षेत्र' चे रूप असून पूर्वपद 'पाणी' चे समासातील रूप दिसते. म्हणजे पानशेत हे ओलीचे, पाणथळीचे शेत.

भोर या नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. खंडाळ्याच्या घाटाचे नाव बोरघाट असे आहे. इंग्रजी लेखनात ते 'भोर घाट' असे दीर्घकाळ लिहिले गेले. लोहमार्गामुळे हा घाट प्रसिद्ध झाल्याने भोर गावाशी त्याचा संबंध लावला जातो. तो निराधार होय. दोन्ही स्थळे भिन्न व दूर आहेत. त्याचप्रमाणे हिंदीतील प्रभातवाचक 'भोर' शब्दही मराठी मुलखातील ग्रामनामास लावता येणार नाही. भोर या नावाची सोबत पाहावयाची ती वेल्हे तालुक्यातील भोर्डी या गावात व प्रतापगड ज्या भोरप्या नावाच्या डोंगरावर बांधला गेला त्याच्या नावात. सजातीय नावे आधी प्रदेशातच शोधावीत, कोशात नंतर, हा नियम येथे ध्यानी ठेवावा.

६. सत्तेने दिलेली नावे

आतापर्यंत पाहिलेली नावे खालून वर गेलेली होती. आता वरून खाली आलेली नावे पाहू.

पहिला थर फारसी-अरबी परिभाषेचा. एका नावाची दोन गावे झाली म्हणजे मोठ्यास 'बुद्रुक' व धाकट्यास 'खुर्द' म्हणावयाचे. हे शब्द फारसी 'बुजुर्ग' व 'खुर्द' यांपासून आलेले आहेत. वेल्हे बुद्रुक या तोरण्याच्या पायथ्याच्या गावात मराठी नावाला हे फारसी विशेषण जडले आहे. या थराने जुनी नावे पुसली नाहीत, केवळ त्यांच्यामागे खूण जोडली. महसुली कारभाराला वेगळे ओळखण्यापुरतीच गरज होती.

याच गरजेतून एक अत्यंत उद्बोधक प्रकार झाला आहे. भोर तालुक्यात कासुर्डी नावाची दोन गावे आहेत. सरकारी कागदांत एकास 'कासुर्डी खे. बा.' व दुसऱ्यास 'कासुर्डी गु. मा.' असे लिहितात. ही अक्षरे म्हणजे खेडेबारे व गुंजण मावळ. 'वाठार हि. मा.' व 'शिरवली हि. मा.' यांतील अक्षरे म्हणजे हिरडस मावळ. खोऱ्यांचे देशमुखी विभाग कारभारातून केव्हाच गेले. त्यांचे अवशेष मात्र गावांच्या नावांमागे दोन अक्षरांच्या रूपाने उरले आहेत. पुढे तर पूर्णविरामही गळून 'खेबा', 'गुमा', 'हिमा' असे सलग शब्द लिहिले जाऊ लागले. अर्थ हरवलेला असा शब्द नव्या व्युत्पत्तीची वाट पाहत असतो. उद्याच्या एखाद्या उत्साही संशोधकाने 'हिमा' चा संबंध हिमाशी जोडला तर त्याला दोष देता येणार नाही. दोष मूळ रूप नोंदवून न ठेवणाऱ्यांचा असेल.

दुसरा थर शिवकालीन दुर्गनामांचा. तोरण्याचे 'प्रचंडगड' असे नाव ठेवण्यात आले. रोहिड्याचे 'विचित्रगड' झाले. मुरुंबदेवाच्या डोंगरावर 'राजगड' उभा राहिला. राजगडाच्या माच्यांपैकी सुवेळा व संजीवनी ही नावे रामायणाच्या परंपरेतील आहेत. लंकेजवळचा पर्वत तो सुवेळ. नवे राज्य आपली भाषा घडवीत होते व ती भाषा संस्कृताकडे झुकलेली होती. पुढे राज्यव्यवहारकोश तयार करविण्यात आला तोही याच प्रवृत्तीतून.

या तीन नावांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. प्रचंडगड हे नाव कागदावर राहिले; लोक तोरणा म्हणतात. विचित्रगडाची गतही तीच. लोकांच्या तोंडी रोहिडा आहे. राजगडाने मात्र मुरुंबदेवाला संपूर्ण मागे सारले, इतके की ते नाव आज इतिहासाच्या पुस्तकांतच भेटते. एकाच काळी, एकाच सत्तेने, एकाच मुलखात दिलेल्या नावांचे भाग्य असे भिन्न का व्हावे?

याचे कारण वस्तूत आहे. तोरणा व रोहिडा हे नामांतराच्या वेळी नांदते, प्रसिद्ध किल्ले होते. रोहिड्याचे नाव तर सबंध खोऱ्याला मिळालेले होते. किल्ल्याचे नाव बदलले तरी खोऱ्याचे कसे बदलणार? तोरण्याच्या नावाचा संबंध तोरण या झुडपाशी जोडला जातो. म्हणजे तेही मागे सांगितलेल्या वनस्पतिवाचक नावांच्या कुळातील ठरते. मुरुंबदेवावर पूर्वी थोडेबहुत ठाणे असले, तरी तीन माच्या व बालेकिल्ला असलेला, सुमारे पाव शतक राजधानी राहिलेला गड ही वस्तूच नवी होती. नव्या वस्तूबरोबर आलेले नवे नाव रुजले. जुन्या वस्तूला लावलेले नवे नाव गळले. भोरप्या डोंगरावर १६५६ च्या सुमारास बांधलेला प्रतापगड व रायरीवर राजधानी म्हणून घडविलेला रायगड यांचीही साक्ष याच बाजूस पडते.

तिसरा थर भोर संस्थानाचा. शंकराजी नारायण सचिव यांच्या वंशाकडे हा मुलूख आला व पुढे ते संस्थान झाले. या संस्थानाच्या तालुक्यांना विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड अशी किल्ल्यांचीच नावे होती. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर विचित्रगड व प्रचंडगड ही तालुक्यांची नावे म्हणून नाहीशी झाली व भोर, वेल्हे ही गावांची नावे पुढे आली. सुधागड तेवढा आजच्या रायगड जिल्ह्यात तालुक्याचे नाव म्हणून शिल्लक राहिला. यावरून २०२४ च्या निर्णयाकडे पाहता असे दिसते की, 'राजगड तालुका' हे नाव कारभाराच्या इतिहासाला अपरिचित नाही; संस्थानी पद्धतीचे ते एक प्रकारे पुनरागमन आहे. फरक इतकाच की, ज्या वेल्ह्याच्या जागी ते आले, ते गाव राजगडाच्या नव्हे, तर तोरण्याच्या पायथ्याशी आहे.

चौथा थर धरणांचा. वेळवंडीवरील पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले व त्याच्या जलाशयाला एका इंग्रज अभियंत्यावरून 'व्हाइटिंग तलाव' म्हणत. १९२८ मध्ये मोठे धरण पुरे झाले. त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर लॉइड यांचे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव देण्यात आले. या तिन्ही नावांच्या काळात लोकांनी धरणाला भाटघर असेच म्हटले. आंबी व मोसी या नद्यांवरील जलाशयांना अनुक्रमे तानाजी मालुसरे व बाजी पासलकर यांची नावे आहेत. बोलण्यात मात्र पानशेत व वरसगाव हीच चालतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हापासून तर हे खेड्याचे नाव पुण्याच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले.

धरणाच्या बाबतीत वस्तू नवी होती. मग नवे नाव का रुजले नाही? राजगडाशी तुलना केली म्हणजे उत्तर मिळते. राजगड हे नाव तेथे राहणाऱ्या, राबणाऱ्या माणसांच्या रोजच्या तोंडी होते. जलाशयाचे नाव कोनशिलेवर व कागदावर राहिले. तेथे जाणारा माणूस मात्र गावाचे नाव घेऊनच वाट विचारतो. तेव्हा नवे नाव रुजण्यास दोन गोष्टी लागतात, असे म्हणता येईल : वस्तू नवी असणे, आणि त्या नावाने नित्याचा व्यवहार होणे.

७. लेखन व उच्चार

नामांच्या अभ्यासास आणखी एक अडचण आहे, ती लेखनाची. रोमन लिपीत ळ व ल, ण व न यांचा भेद राहत नाही. नकाशा इंग्रजीत झाला व त्यावरून नाव पुन्हा देवनागरीत आले, तर व्युत्पत्तीचा दुवाच तुटतो. 'वेळू' चा 'वेलू' झाला की बांबू जाऊन वेल येते.

याची उलट बाजूही आहे. वेळवंडी नदीचे नाव इंग्रजी कागदपत्रांत पुष्कळदा 'येळवंडी' अशा उच्चाराने आलेले आहे. ग्रामीण बोलीत आद्य 'वे' चा 'ये' होतो. 'वेळ' ला 'येळ' म्हणतात. तेव्हा परक्या लेखकाने जे कानी पडले ते लिहिले व बोलीचे रूप जतन झाले, आणि शिकलेल्या मराठी लेखकाने ते 'शुद्ध' केले. 'पाणशेत' ऐवजी 'पानशेत' हे रूप रूढ झाले, त्यातही ण च्या जागी न उच्चारणाऱ्या बोलीचाच ठसा दिसतो. भाषाशास्त्राला दोन्ही रूपे सारखीच मोलाची आहेत. एकाला शुद्ध व दुसऱ्याला अशुद्ध ठरविणे हे त्याचे काम नव्हे.

वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ग्रामनामांना इतिहाससाधनाचा मान मिळवून दिला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र प्रत्येक नाव संस्कृतापर्यंत नेऊन पोहोचविण्याकडे त्यांचा ओढा होता. ह. धी. सांकळिया यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुजरातविषयक ग्रंथात कोरीव लेखांतील स्थलनामांची कालक्रमाने छाननी केली. मावळाला या दुसऱ्या पद्धतीची, व तिच्या जोडीला बोलींच्या प्रत्यक्ष नोंदीची, आवश्यकता आहे.

८. समारोप

नामांतर हा राज्यसंस्थेचा जुना अधिकार आहे व तो सर्वत्र वापरला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीकडून पोलंडकडे आलेल्या प्रदेशात हजारो गावांची नावे बदलावी लागली. त्यासाठी १९४६ मध्ये नेमलेल्या आयोगात भाषाशास्त्रज्ञ व भूगोलज्ञ यांना स्थान देण्यात आले. जुने स्लाव रूप मिळाले तेथे ते पुढे आणावयाचे व न मिळाले तेथेच नवे घडवावयाचे, अशी त्यांची दिशा होती. त्यामागील राजकारण बाजूस ठेवले तरी एक गोष्ट अनुकरणीय राहते : नाव बदलण्यापूर्वी त्याची नोंद व चिकित्सा झाली.

भोर-वेल्ह्याच्या इतिहासावरून असे दिसते की, तालुक्याच्या नामांतराने गावाचे नाव लगेच मरत नाही. वेल्हे हे नाव वेल्हे बुद्रुकच्या रूपाने राहील. खरा धोका वेगळ्या जागी आहे. तालुक्यांची, गडांची, धरणांची नावे छापली जातात. शेतांची, ओढ्यांची, खिंडींची, टेपांची नावे केवळ तोंडी असतात. वेळवंडीच्या खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. पुढे आंबी, मोसी व नीरेच्या वरच्या खोऱ्यांचीही तीच गत झाली. गाव वर सरकून वसते व आपले नाव सोबत नेते. शेताचे नाव शेताबरोबर बुडते. त्या शेतात राबलेला शेवटचा माणूस गेला की ते उच्चारणारे कोणी उरत नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक खोरे घेऊन त्यातील लहानमोठी सर्व स्थलनामे तेथील उच्चारांसह, ळ-ल व ण-न यांचा भेद राखून, जागेच्या वर्णनासह टिपावीत. महसुली दफ्तरांतील 'हि. मा.', 'गु. मा.' यांसारख्या खुणा उलगडून त्यांची पूर्ण रूपे नोंदवावीत. आणि मगच व्युत्पत्तीकडे वळावे. कार्ले येथील लेख कोरणाऱ्याने एका गावाचे नाव दगडावर उतरविले, म्हणून करंजाच्या नावाचे गाव अठराशे वर्षांनी अभ्यासता आले. मावळातल्या ओढ्यांना व शेतांना तेवढा दगड लाभणार नाही. त्यांना एक वही पुरेशी आहे.